816 बाळंतपणं लिहून ठेवणारी सुईण: 'अ मिडवाइफ्स टेल' आणि सोबत 'कॉल द मिडवाइफ'

गेला दीड महिना रोज रात्री झोपायच्या आधी एकच पुस्तक वाचत होते, कधी चार पानं कधी चाळीस, आणि परवा संपलं तेव्हा घरातलं कुणी गावाला निघून गेल्यासारखं वाटलं. लॉरेल थॅचर उलरिच यांचं 'अ मिडवाइफ्स टेल'. पुस्तक नवं नाही, 1990 चं आहे, 1991 मध्ये त्याला इतिहासासाठीचा पुलित्झर मिळालाय. पण सुईणी, बाळंतपणं, बायकांचं रोजचं जगणं या विषयात ज्यांना रस आहे त्यांच्यातल्याही बऱ्याच जणींनी हे वाचलेलं नसतं असं मला दिसलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

हे पुस्तक उभं आहे एका डायरीवर, मार्था बॅलर्ड नावाच्या सुईणीच्या. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे (तेव्हा ते वेगळं राज्य नव्हतं, 1820 पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं), तिथे केनेबेक नदीकाठी हॅलोवेल गाव. मार्थाने 1785 च्या 1 जानेवारीपासून रोजची डायरी लिहायला घेतली तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली होती, आणि 1812 च्या मे महिन्यापर्यंत लिहीत राहिली. म्हणजे 27 वर्षं. या काळात 816 बाळंतपणं केली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. समासात बाळंतपणाची खूण, कुणाकडे, मुलगा की मुलगी, आणि पैसे मिळाले असतील तर दोन फुल्या. फी सहसा 6 शिलिंग. शेवटचं बाळंतपण एप्रिल 1812 मध्ये, म्हणजे वय 77 आणि मरणाला जेमतेम काही आठवडे उरलेले.

आता डायरी म्हटलं की आपल्याला वाटतं मनातलं काहीतरी लिहिलं असेल, रडणं, राग, आठवणी. तसं जवळपास काहीच नाही. आज ऊन होतं. अमक्याकडे बोलावलं. नदी ओलांडली. पहाटे 4 वाजता मुलगा झाला. घरी आले, कोबी लावला. बस, असं पानोपानी. आधीच्या इतिहासकारांनीही ही डायरी पाहिली होती पण घरगुती बारीकसारीक आहे म्हणून बाजूला ठेवून दिली. उलरिचबाईंचं म्हणणं याच्या बरोब्बर उलट आहे, की हे जे तेच तेच रोजचं लिहिलंय ना तीच या डायरीची ताकद आहे, आणि पुस्तक वाचताना ते तुम्हाला हळूहळू पटत जातं, कारण त्या नुसतं सांगून थांबत नाहीत, करून दाखवतात.

पुस्तकाची मांडणी फार आवडली मला. एकूण 10 प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला डायरीतला एक तुकडा, काही दिवसांचा, जसाच्या तसा, मार्थाच्या त्या मोडक्यातोडक्या स्पेलिंगसकट. तो वाचून आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. मग लेखिका एकेक नोंद उलगडायला घेते, कोर्टाची कागदपत्रं, कराच्या याद्या, शेजाऱ्यांची पत्रं, डॉक्टरांच्या वह्या सगळं शोधून शेजारी मांडते, आणि प्रकरण संपवून तुम्ही परत सुरुवातीचा तो तुकडा वाचलात की त्याच ओळीत अख्खं गाव दिसतं. मी प्रत्येक प्रकरण असं दोनदा वाचलं, पहिले डायरी, मग विवेचन, मग परत डायरी. तुम्हीही असंच वाचा, घाई करू नका.

पहिल्याच प्रकरणात 1787 चा ऑगस्ट आहे. गावात घशाच्या तापाची साथ. 3 तारखेपासून 24 पर्यंत या बाईने काय काय केलं बघा: 4 बाळंतपणं, एका ठिकाणी कळा खोट्या निघाल्या म्हणून फुकट फेरी, 16 वेळा आजाऱ्यांकडे जाणं, 3 प्रेतं आंघोळ घालून तयार करणं, एकीला गोळ्या, दुसरीसाठी झाडपाला तोडून आणून औषध, आणि घरी नवऱ्याचा घसा सुजलेला तो वेगळाच. तीन आठवड्यांत. आणि तिने स्वतः यातलं काहीच मोठं करून लिहिलेलं नाही, ही बेरीज लेखिकेने केलीय. मी त्या पानावर थांबले आणि आमच्या गावातल्या सुईणीचा विचार करत बसले, त्यावर नंतर येते.

मार्थाचं स्वतःचं आयुष्य पण लक्षात ठेवा. तिला 9 मुलं झाली. 1769 मध्ये घटसर्पाच्या साथीत तीन आठवड्यांच्या आत तिच्या तीन मुली गेल्या, आणि तेव्हा ती स्वतः गरोदर होती, दिवस भरत आलेले, पुढच्याच महिन्यात मुलगी झाली. म्हणजे दुसऱ्यांच्या घरी जाऊन जी बाई 'धीर धर' म्हणत होती ती कुठून आली होती हे कळतं. वसंतात केनेबेकला पूर यायचा, हिवाळ्यात नदी गोठायची, ही बर्फावरून चालत जायची, होडीतून जायची, घोड्यावरून जायची. 1789 च्या एप्रिलमधली एक नोंद आहे, वादळात बोलावणं आलं, एक ओढा तरंगत्या ओंडक्यांवरून ओलांडला, पुढे एक भलंमोठं झाड मुळासकट उन्मळून नेमकं तिच्या समोर पडलं, घोडा बिचकून मागे सरला म्हणून जीव वाचला. देवाचे आभार मानले आणि पुढे निघाली, कारण तिकडे बाई अडलेली.

बाळंतपणाची पद्धत कशी होती हे वाचताना तर मला फार जवळचं वाटत होतं. आधी सुईण यायची, ती बसून राहायची, कळा जोरात सुरू झाल्या की मग शेजारच्या बायकांना बोलावणं जायचं. चार-पाच बायका जमायच्या, धरायला, आधार द्यायला. सुटका झाली की सगळ्या मिळून जेवायच्या, रात्र झाली असेल तर तिथेच झोपायच्या. मग बाळंतिणीजवळ राहायला एक वेगळी बाई, आणि काही दिवसांनी बाळंतीण उठून स्वयंपाकघरात आली की ते बाळंतपण संपलं असं धरायचं. आपल्याकडे सव्वा महिना बाजेवर, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पाचवीला सटवाईची पूजा, पद्धती वेगळ्या पण बायकांनी बायकांभोवती धरलेलं कडं तेच. मार्था निघताना लिहायची की बाईला 'क्लेव्हरली' सोडून आले. त्या काळच्या तिथल्या बोलीत त्याचा अर्थ ठणठणीत, झकास असा. हा शब्द मला इतका आवडला की आता मीही मनात वापरते.

आता ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व द्यावं असं मला वाटतं ते. लग्नाआधी दिवस जाणं. आपल्याला वाटतं जुन्या काळी तिकडे भयंकर कडक असणार, पण मार्थाने केलेल्या पहिलटकरणींच्या बाळंतपणांत साधारण 38 टक्के मुलं लग्नाआधी राहिलेली होती. बहुतेकांची लग्नं मग व्हायची आणि गाव पुढे जायचं. पण बाप कबूल होत नसेल तर काय? तिथे कायदा असा होता की कळा जोरात असताना सुईणीने बाईला विचारायचं, बाप कोण? त्या वेदनेत बाई खोटं बोलणार नाही असं धरलं जायचं, आणि सुईणीची साक्ष कोर्टात चालायची, मग त्या माणसाला पोराचा खर्च उचलावा लागायचा. 1791 च्या ऑक्टोबरमध्ये सॅली पियर्स नावाच्या मुलीच्या बाळंतपणाला मार्था गेली, तिने नियमाप्रमाणे विचारलं, आणि सॅलीने नाव घेतलं मार्थाच्याच मुलाचं, जोनाथनचं. मार्थाने घरी येऊन ते तसंच लिहून ठेवलं. स्वतःच्या मुलाचं नाव! काही झाकलं नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. किती बायका हे लिहू शकल्या असत्या, आणि किती जणींनी विचारलंच नसतं.

इथे मला आपल्याकडची आठवण येणारच. 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे जीव देणं किंवा मूल मारणं एवढंच शिल्लक असायचं. तिथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. सावित्रीबाई स्वतः त्या बाळंतपणांना उभ्या राहायच्या म्हणतात तेव्हा मला आता मार्था डोळ्यासमोर येते. तिकडे बाप कोण हे विचारून त्याला जबाबदार धरायची सोय होती, इकडे तो प्रश्न विचारायची हिंमतच कुणात नव्हती, सगळं ओझं त्या पोरीच्या गळ्यात.

डॉक्टर आणि सुईण हे प्रकरणही नीट वाचा. 1790 च्या दशकात गावात एक तरुण डॉक्टर येतो. एका पहिलटकरणीच्या कळा नियमित, चांगल्या चाललेल्या, पण घरचे घाबरले आणि त्याला बोलावलं, त्याने लॉडनमचे 20 थेंब दिले (लॉडनम म्हणजे अफूचं औषध), ती गुंगीत गेली आणि कळाच थांबल्या. संध्याकाळकडे तिला उलटी झाली, कळा परत आल्या, मुलगा झाला. मार्थाने रागाने नाही, पण स्पष्ट लिहिलंय. लेखिका इथे डॉक्टर सगळे वाईट आणि सुइणी सगळ्या देवी असं करत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयावरची बरीच पुस्तकं तिथे घसरतात. मार्थाचं डॉक्टरांशी येणंजाणं होतं, ती शवविच्छेदनाला हजर असायची, गरज पडली तर डॉक्टरला बोलवायची. आणि आकडे बघा. उलरिचबाईंनी काढलेल्या हिशोबात मार्थाच्या हाताखाली जवळपास 198 जिवंत जन्मांमागे एक आई दगावली. अमेरिकेत 1930 मध्येसुद्धा 150 जन्मांमागे एक आई जात होती. हॉस्पिटलं आली, डॉक्टर आले, तरीही. मला स्वतःला सिझेरियन करावं लागलं होतं आणि त्या डॉक्टरीणबाईंमुळेच मी आज हे लिहितेय, त्यामुळे 'जुनं ते सोनं' असं मी अजिबात म्हणणार नाही. पण 'सुईण म्हणजे अडाणी, अस्वच्छ' हे जे आपल्या डोक्यात बसलंय ते या एका आकड्याने हललं माझ्या.

बाकी पुस्तकात बरंच काही आहे, एका धर्मोपदेशकाच्या बायकोने गावच्या न्यायाधीशावर बलात्काराचा आरोप केला तो खटला (1789-90, तो सुटला, आणि मार्था साक्षीला गेली होती), मुली आणि कामाला ठेवलेल्या पोरी मिळून अंबाडीसारख्या फ्लॅक्सचं सूत कातून कापड विणायच्या तो घरातला वेगळाच कारभार, मुलींची लग्नं होऊन त्या गेल्या तसं सगळं काम म्हातारीच्या अंगावर येणं, म्हातारपणी नवरा कराचे वसूल पैसे भरू शकला नाही म्हणून तुरुंगात गेला तेव्हा हिचे झालेले हाल, मुलगा-सून घरात राहायला आले आणि हिच्या वाट्याला स्वतःच्याच घरातली एक खोली. ते शेवटचं वाचवत नाही. जमिनीच्या मोजणीचे आणि मालकीचे वाद मात्र मला जड गेले, नवरा सर्व्हेअर असल्यामुळे ते येतात आणि लांबतात, मी तिथे पानं भराभर उलटली, तुम्हीही उलटलीत तरी फार बिघडणार नाही.

शेवटी ही डायरी टिकली कशी ती गोष्ट. घराण्यातल्या बायकांच्या हातातून ती मार्थाच्या खापरपणतीकडे आली, डॉ. मेरी होबार्ट, आणि तिला ती मिळाली 1884 मध्ये, न्यूयॉर्कच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली त्याच वर्षी. 1930 मध्ये तिने ती मेनच्या स्टेट लायब्ररीला दिली. हे वाचताना मला एकदम आपली आनंदीबाई जोशी आठवली, कारण तीही तेव्हाच तिकडेच होती, फिलाडेल्फियाला, बायकांच्याच मेडिकल कॉलेजात, 1886 मध्ये डॉक्टर झाली. आणि तिच्या प्रबंधाचा विषय काय होता? हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं होतं तिचं. दोघी एकाच वेळी एकाच देशात, एकीच्या ट्रंकेत खापरपणजीची वही आणि दुसरीच्या डोक्यात आपल्या बायकांची बाळंतपणं. आनंदीबाई 1887 च्या फेब्रुवारीत गेली, 22 वर्षंही पुरी नव्हती. मेरीसारखी ती म्हातारी झाली असती तर काय काय लिहून ठेवलं असतं, हा विचार काही केल्या जात नाही.

आता दुसरं पुस्तक, थोडक्यात. जेनिफर वर्थ यांचं 'कॉल द मिडवाइफ', 2002 चं. यावरची बीबीसीची मालिका बऱ्याच जणांनी पाहिली असेल, पण पुस्तक वेगळं आहे, जास्त कडक आहे. 1950 च्या दशकातलं पूर्व लंडन, गोदी कामगारांची वस्ती, एकेका खोलीत दहा-दहा माणसं, आणि नन्ससोबत राहून सायकलवर फिरणाऱ्या तरुण सुइणी. महिन्याला 80 ते 100 बाळंतपणं, आणि पुढे 60 च्या दशकात गर्भनिरोधक गोळी आल्यावर तो आकडा कुठल्या कुठे खाली आला हे त्या स्वतः सांगतात. यातलं कॉन्चिता नावाच्या स्पॅनिश बाईचं प्रकरण विसरणं शक्य नाही. पंचविसावं बाळंतपण, बाळ फार आधी जन्मलेलं, एवढुसं, डॉक्टर म्हणतात हॉस्पिटलात न्या आणि ती देत नाही, छातीशी बांधून ठेवते रात्रंदिवस, थेंब थेंब दूध पाजते, आणि जगवते. 'कांगारू मदर केअर' म्हणून हीच गोष्ट पुढे 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटामध्ये डॉक्टरांनी पद्धत म्हणून सुरू केली, आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही शिकवतात.

दोन्हींत फरक असा की वर्थबाई चाळीस-पन्नास वर्षांनी आठवून लिहितायत, छान रंगवून, गोष्टीवेल्हाळ. मार्था त्याच रात्री, चिखलाने भरलेल्या कपड्यांत बसून लिहितेय. सुरुवात करायची असेल, इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर वर्थ आधी घ्या, दोन दिवसांत संपेल. पण माझ्यासाठी खरं पुस्तक मार्थाचंच. चारशेच्या वर पानं आहेत, मागे टिपा भरपूर, मी जुनी प्रत मागवली, आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने जागोजागी रेघा ओढलेल्या आणि त्या सगळ्या बाळंतपणाच्या नोंदींखाली, मला ते आवडलंच. नवी घेणार असाल तर छापील घ्या, मोबाइलवर नका वाचू, पुढेमागे सारखं करावं लागतं.

आणि ते गावाचं राहिलं. आमच्या आजीची सात बाळंतपणं झाली, सातारा जिल्ह्यात, सगळी घरीच, आणि सगळी मांगवाड्यातल्या एकाच सुईणीने केली. माझे वडील तिच्याच हातावर जन्मले. पहिलं प्रकरण वाचून झालं त्या रात्री मी वडिलांना तिचं नाव विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. काकांना विचारलं, त्यांनाही नाही. सगळे तिला म्हातारी म्हणायचे. अर्ध्या गावाची नाळ कापणारी बाई, नंतर तिला ओसरीच्या वर घेत नव्हते हे मात्र सगळ्यांना पक्कं आठवतं.

मग आत्याला फोन लावला, ती 84 वर्षांची आहे, लहानपणी दोन भावंडांच्या वेळी ती दाराबाहेर बसलेली होती. तिला मी मार्थाच्या नोंदी मराठी करून फोनवर वाचून दाखवल्या, पूर, ओंडके, झाड पडलं ते. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "तिला पैसे द्यायचे का गं?" म्हटलं हो आत्या, सहा शिलिंग, आणि मिळाले की वहीत दोन फुल्या मारायची. "आपल्याकडं पायली जोंधळं आन् एक लुगडं," आत्या म्हणाली, "मुलगी झाली तर लुगडं न्हाई." आणि मग थोडं थांबून तिने त्या सुईणीचं नाव सांगितलं. मी ते तारखेसकट वहीत लिहून घेतलंय, समासात सात खुणा केल्यात, आणि आत्याला येत्या रविवारी परत फोन करायचाय, तिला अजून आठवतंय म्हणाली.